तांदळातले खडे

मंजुळाबाईंनी तांदळातला खडा चिमटीत धरून कागदावर ठेवला, तेवढ्यात दार वाजलं.

दारात सुनंदाबाई होत्या. त्या आमलीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत. आज त्या निवडणुकीच्या कामावर होत्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांचं मत त्यांच्या घरी जाऊन घ्यायचं होतं. त्यांच्या मागे एक पोलीस आणि एक कॅमेरावाला आत आले. खोली भरून गेली.

मंजुळाबाईंचा मुलगा सुकदेव पुढे झाला. त्याने पायानेच तांदळाचं ताट खाटेखाली सरकवलं.

"या मॅडम. सही कुठं करू?"

"तुमची सही नंतर. मत यांचं आहे."

"तिला दिसत नाही ना. मागच्या टायमालापण मीच टाकलं होतं." तो हसला. "कंपनीत सुपरवायझरला सांगून बसलोय, घरची पाच मतं पक्की."

कोपऱ्यात नात सोनम शाळेच्या स्पर्धेचं भाषण पाठ करत होती. "कित्येक देशांत मताच्या अधिकारासाठी स्त्रियांना तुरुंगात जावं लागलं. आपल्या देशात मात्र पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत—"

"ए, बाहेर जाऊन घोक," सुकदेव म्हणाला.

ती बाहेर गेली नाही. फक्त गप्प झाली.

सुनंदाबाईंनी खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, त्यामागे मतपत्रिका आणि पेन ठेवलं. "सोबती देता येतो," त्या म्हणाल्या, "पण दिसत नाही, हे मतदाराने स्वतः सांगायला हवं." मग त्या मंजुळाबाईंसमोर खाली बसल्या. "आजी, या आडोशामागे तुम्ही एकट्याच. मीसुद्धा बघणार नाही. खूण करायची, कागद पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवायचं. कुणाला कधी कळणार नाही. दिसतं ना तुम्हाला?"

मंजुळाबाईंचा हात गुडघ्यावरून उठला. पेनापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला.

"आई," सुकदेव दारातून म्हणाला, "पुढल्या महिन्यात लेकीकडे, रूपालीकडे जायचंय ना तुला? नंदुरबारला? मीच नेऊन सोडणारे ना?"

हात परत गुडघ्यावर गेला.

"माले नही दिसत, बाई."

एकदा विचारणं नियमाला पुरेसं होतं. सुनंदाबाईंनी पुन्हा विचारलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता.

"नही दिसत."

त्यांनी सोबत्याचा फॉर्म काढला. नाव, वय, नातं. कारणाच्या रकान्यात 'दृष्टी नाही' लिहिताना त्यांचं पेन क्षणभर अडखळलं. सुकदेवने सही केली आणि तो आडोशामागे वाकला. त्याला अर्धा मिनिटही लागला नाही. तेवढा वेळ मंजुळाबाई समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या. मग सुनंदाबाईंनी सांगितलं तिथे त्यांनी अंगठा दिला. पाकीट बंद झालं. पोलीस आणि कॅमेरावाला बाहेर पडले. सुकदेव त्यांना पुढच्या घरचा रस्ता दाखवायला पायरीपर्यंत गेला.

सुनंदाबाई आडोशाच्या घड्या घालायला खाली वाकल्या. मंजुळाबाईंची नजर त्यांच्या खांद्यावर येऊन थांबली. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"बाई, तुमना पदरनी पिन उघडी शे. टोची जाई."