चौकटीवरचा डाग

अलिबागजवळचं ज्यू लोकांचं जुनं सिनेगॉग बघायचा हट्ट रमाकांतचा. उज्ज्वलाला समुद्रावर जायचं होतं. डोक्याला रुमाल बांधून तो आत शिरला, आणि शिरता शिरता उजव्या चौकटीवरच्या तिरक्या पितळी डबीला बोटं लावून त्याने ती ओठांना टेकवली.

"तुम्ही बेने इस्रायल का?" देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्यांनी कौतुकाने विचारलं. "डबीत आमच्या धर्मग्रंथातली वचनं असतात. आत येताना आम्ही असंच करतो."

"छे हो. कॉलेजात असताना रिबेका नावाची मैत्रीण होती. तिच्या घरी जाऊन जाऊन सवय लागली. आता ती इस्रायलला असते."

पस्तीस वर्षांच्या संसारात हे नाव उज्ज्वला आज पहिल्यांदाच ऐकत होती. घरच्या देव्हाऱ्यासमोर या माणसाचे हात कधी जुळले नव्हते. 'सवय लागायला किती वेळा जावं लागतं हो?' अगदी जिभेवर आलं होतं. पण परक्या देवळात तमाशा नको, म्हणून ती छताला टांगलेल्या काचेच्या हंड्या बघत राहिली.

त्यांच्या घराच्या दारालाही उजव्या चौकटीवर एक तेलकट डाग होता. बूट काढताना तोल जाऊ नये म्हणून नवरा तिथे हात टेकतो, असं समजून ती तो दर दिवाळीला साबणाने घासून काढायची.

घरी परतल्यावर कुलूप उघडून त्याने नेहमीसारखा तिथे हात टेकला. आज तिने नजर हटवली नाही. हात बुटांकडे गेलाच नाही. ओठांकडे गेला.