कोठीतला नेम

अपर्णानं फोन ओट्यावर ठेवला आणि त्रिवेणीकडे वळवला. पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी हलत होतं. ती आपलीच कोठी आहे, हे ओळखायला त्रिवेणीला वेळ लागला. मग डबे दिसले. डब्यांवर तिनं स्वतः पांढऱ्या रंगानं लिहिलेलं ‘त्रिवेणी गृहोद्योग, गौलीगुडा’ स्वच्छ वाचता येत होतं.

गुळाच्या ढेपेमागून एक घूस बाहेर आली. तिचे डोळे दोन पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकले. नेमाची बारीक फुली तिच्यावर येऊन थांबली, फट्ट आवाज झाला आणि घूस आडवी झाली.

“देखो भाई, इतना सस्ता नाईट व्हिजन, और एक छर्रे में काम तमाम.”

आवाज संदीपचा होता, तिच्या धाकट्या भावाचा.

“आमच्या ग्रुपवर काल आला हा,” अपर्णा म्हणाली. ती मूळची पुण्याची, इथं कॉम्प्युटरच्या नोकरीत. गेली सहा वर्षं तिच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला गुळपोळ्या इथूनच जायच्या. तिला बोलायला जड जात होतं. घुशी कुणाकडे नसतात, बाजाराची वस्ती आहे, तुम्ही किती निगुतीनं करता ते मी बघितलंय, असं सगळं तिचं म्हणून झालं. पण बायका या वर्षी नको म्हणत होत्या. दुसरीकडे सांगूनही झालं होतं.

त्रिवेणीला नाही म्हणता येईना, कारण घुशी आल्या होत्या हे खरंच होतं. पावसाळ्यानंतर नाल्याच्या बाजूनं त्यांनी भिंत पोखरली. खाण्याच्या जिनसांजवळ विष ठेवायला तिचं मन होईना, आणि पिंजऱ्याला त्या दाद देईनात. तेव्हा संदीपच म्हणाला होता, ताई, तू फिकीर करू नको. एअरगन त्याच्याकडे होतीच. तिच्यावर बसवायला अंधारात दिसणारी दुर्बीण त्यानं मागवली, स्वस्तातली. आठ रात्री तो कोठीत बसला आणि अकरा घुशी मारल्या. मग तिनं होता तेवढा माल फेकून दिला, कोठी तीनदा धुतली, भोक सिमेंटनं बुजवून घेतलं, आणि भावाचं कौतुक गल्लीभर सांगितलं. नोकरी गेल्यापासून तो तिच्याकडेच राहत होता. लोक त्याला काही बोलले की तिला लागायचं. आपल्यासाठी कुणीतरी रात्री जागतंय, याचंच तिला केवढं अप्रूप वाटलं होतं.

“पुढं अजून आहे,” अपर्णा म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं आपण हे बोलायला नको होतं. “जाऊ दे, नका बघू.”

पण त्रिवेणीनं फोन हातात घेतला होता.

कोठीचं दार उघडलं. गाऊनवर शाल, केस सुटे, हातात कप, अशी एक बाई चाचपडत आत आली. तिच्याही डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके होते. फुली तिच्या पायांवरून वर सरकली आणि छातीवर येऊन थांबली.

“अरे बाप रे,” संदीप कुजबुजला, “ये तो सबसे बडी घूस है.” मग दाबलेलं हसू.

“कुठं बसलायस रे?” बाई म्हणत होती. “चहा आणलाय. आलं घातलंय.”

खाली लोकांनी हसरी तोंडं टाकली होती. बोटानं कितीही वर सरकवलं तरी ती संपत नव्हती.

त्रिवेणीला ती रात्र आठवली. दिवा लावू नको, असं त्यानंच बजावलं होतं. म्हणून ती सवयीनं पावलं टाकत गेली. त्या अंधारात तिला स्वतःचा हातसुद्धा दिसला नव्हता.

अपर्णा गेल्यावर तिनं भिजवलेली कणीक झाकून ठेवली, गॅस बंद केला आणि जिन्याशी जाऊन संदीपला हाक मारली.

तो आधी खूशच झाला. तुझ्यापर्यंत पोचला का, म्हणाला. दोन लाख लोकांनी बघितला होता. दुर्बीण त्यानं विकत घेतलीच नव्हती, असंही बोलण्याच्या ओघात निघालं. कंपनीनं फुकट दिली होती, व्हिडिओ करायच्या अटीवर. आता ते याहून भारी पाठवणार होते. गुळपोळ्यांचं काम गेल्याचं तिनं सांगितलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला. डब्यांवरचं नाव दिसतंय हे आपल्या ध्यानातच आलं नाही, म्हणाला. आत्ताच्या आत्ता काढून टाकतो, म्हणाला, आणि त्यानं खिशातून फोन काढला.

त्रिवेणीनं त्याच्या फोनवर हात ठेवला.

“ते राहू दे. मी चहा घेऊन आले, तेव्हा बंदूक भरलेली होती का?”

“ताई, मस्करी होती गं ती. लोकांना असलं आवडतं.”

“भरलेली होती, का नव्हती?”

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, नजर छताला लावली. तो टाळत नव्हता, खरोखरच आठवून बघत होता. त्याला लहानपणापासून बघितलेल्या तिला एवढं कळत होतं.

“लक्षात नाही, ताई,” तो म्हणाला.