गाडीमागचं पाणी

काल वारं पिसाळलेलं असताना पाहुणी इंगर समोरच्या बेटाकडे पोहत गेली आणि संध्याकाळी कोळ्यांनी तिला होडीतून आणलं. घरमालकीण शाझिये भीतीपोटी तिला नाही नाही ते बोलली. सकाळी इंगर खाली मान घालून परतीच्या गाडीत बसली, शाझिये दाराच्या पायरीवरच उभी राहिली. मात्र गाडी निघताच ती आत धावली, तांब्या भरून आणला आणि पाणी गाडीमागे भिरकावलं. गाडी थांबली. रडवेली इंगर उतरली. "मावशी, अजून इतका राग? पाणी फेकताय माझ्यावर?" शाझिये हसत पायरीवरच बसली. "अगं वेडे, आम्हा तुर्कांत जाणाऱ्याच्या मागं पाणी टाकतात. पाण्यासारखं सुरळीत जावं, पाण्यासारखं परत यावं." दोघींचाही जीव भांड्यात पडला. इंगरनं तांब्या नळावर भरून मावशीला दिला. "मग पुन्हा टाका. पुढच्या उन्हाळ्यासाठी." "ये," शाझिये म्हणाली, "पण पोहत नको."