इरकली लुगड्यातली बाई

"मार खाणारी बाई कुठं बघितलीस तू?" वीरेशने विचारलं.

मंजुश्रीने गेमचा कंट्रोलर त्याच्या हातात दिला. पडद्यावर वीरेशच्या पैलवानाने ठोसा मारला. समोरच्या इरकली लुगड्यातल्या बाईने डावं कोपर तोंडावर घेतलं, उजव्या हाताने डोक्यावरचा पदर धरला आणि ती खाली बसली. ओरडली नाही. वीरेशने तोच ठोसा पुन्हा मारून पाहिला.

"लई खरं वाटायलंय," तो म्हणाला. "अंगावर काटा येतो."

लातूरला औसा रोडवरच्या एका खोलीत दोघं मिळून गेम बनवायचे. वीरेशचा गेम मारामारीचा. मंजुश्रीचा शांत. तिच्या गेममधली बाई टोपली घेऊन गावोगावचे बाजार फिरायची, भेटेल त्याच्याशी बोलायची. त्यात कुणी हरत नव्हतं. दोन्ही गेम बऱ्यापैकी चालले, तेव्हा एका कंपनीने विचारलं, दोन्हीतली माणसं एकाच गेममध्ये आणता का?

मंजुश्रीला शर्यतीचा गेम हवा होता. "गाडीत बसवलं की कुणाला लागत तरी न्हाई," ती म्हणाली होती.

वीरेशला ते पटलं नाही. "गाडीत बसल्यावर तुझी बाई काय न् माझा पैलवान काय, नुसतं हेल्मेट दिसणार. गोष्टीचा गेम करावा तर दोघांच्या गोष्टी जुळवण्यातच वर्ष जाईल. मारामारीत काही जुळवावं लागत न्हाई, मंजू. दोघांना समोरासमोर उभं करायचं. कोण कसं मारतो, कोण कसा मार खातो, त्यातच माणूस कळतो."

ती शेवटी हो म्हणाली. पुढचे आठ दिवस तिने एकटीने काम केलं, आणि सगळ्यात आधी बाईचं मार खाणं पूर्ण केलं.

वीरेशने ते खेळून पाहिलं त्याच दुपारी तिचे आई-वडील उदगीरहून आले. वडिलांचं, गुरुबसप्पांचं, तिकडे किराणा दुकान होतं. पेठेत सगळे त्यांना देवमाणूस म्हणायचे. पोरगी लातूरला करते तरी काय, हे त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. आई, शांतम्मा, दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसली.

"खेळून बघता का, मामा?" वीरेशने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. "हा पैलवान तुमचा."

"अप्पा, अजून पुरा झाला न्हाई तो," मंजुश्री घाईने म्हणाली. "राहू द्या."

"बघू तर दे की."

पहिल्या ठोशाला गुरुबसप्पा मोठ्याने हसले. दुसऱ्यालाही हसले. तिसऱ्याला बाई खाली बसली. कोपर वर, पदर घट्ट धरलेला. त्यांचं हसू थांबलं. अंगठा मात्र थांबला नाही. त्यांनी परत मारलं. थोडं थांबून, परत. खोलीत फक्त कूलरची घरघर होती. मंजुश्री पडद्याकडे बघतच नव्हती. तिची नजर वडिलांच्या मनगटावर होती.

"बाईचे वार बाकी हायेत अजून, मामा," वीरेश सांगत होता. "ते झाले की तीबी तुम्हाला..."

बोलता बोलता त्याचं लक्ष दाराकडे गेलं. शांतम्मा पडद्याकडे टक लावून बघत होती. पैलवानाच्या प्रत्येक ठोशासरशी तिचं डावं कोपर मांडीवरून जरासं उचललं जात होतं. तिला ते कळत नव्हतं.



गुरुबसप्पांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. हळू, आवाज न करता. त्यांनी मागे वळून बायकोकडे बघितलं, मग पोरीकडे.

"चल," ते बायकोला म्हणाले. "साडेतीनची बस हाय."

शांतम्मा हलली नाही.

"ऐकू येईना का?"

मंजुश्री उठली आणि दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. ती बाजूला झाली नाही. गुरुबसप्पा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. परक्या माणसासमोर आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

"तू तर तवा झोपलेली असायचीस," ते अगदी हळू म्हणाले.

"न्हाई, अप्पा."

एवढंच. गुरुबसप्पांनी रुमालाने तोंड पुसलं, दार उघडलं आणि उंबऱ्यात थांबून बायकोची वाट बघू लागले.

शांतम्माने खुर्ची पोरीच्या टेबलाजवळ ओढून घेतली.

"तुम्ही जावा," ती नवऱ्याला म्हणाली. "मला आता उदगीरला यायचं न्हाई."