वरचे चार दात

"पडलात त्या दिवशी झोका किती उंच गेला होता?" दत्तप्रसादनं विचारलं.

बायडाबाईंनी तोंडावरचा पदर न काढताच खिडकीकडं बोट केलं. "ती पडद्याची दांडी हाय न्हवं, तिला पाय लागलं."

दत्तप्रसादला हसू आलं, ते त्यानं आवरलं. विमा कंपनीच्या तपासणीसानं हसायचं नसतं. दुपार कलत आली होती. पडद्यातून मऊ, पिवळा उजेड हॉलभर पसरला होता आणि त्या उजेडात बाई त्याच झोपाळ्यावर बसून सावकाश झोके घेत होत्या. तोंडावर आपटल्या तरी झोपाळा सुटला नव्हता. कड्यांची कुरकुर ऐकता ऐकता दत्तप्रसादच्या डोळ्यांवर झापड यायला लागली.

काम तसं साधं होतं. दातांच्या उपचारांचा खर्च कंपनी एरवी देत नाही. अपघातात दात गेले आणि दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तरच देते. बायडाबाईंच्या जबड्याचं ऑपरेशन झालं होतं, वरचे पुढचे चार दात गेले होते, कागदपत्रं चोख होती. पण साठी उलटलेल्या बाईंचे दात आधीच पडलेले नव्हते कशावरून, अशी शंका साहेबांना आली. आणि शंका साहेबांना आली, की तंगडतोड दत्तप्रसादची.

"मावशी, याआधी कधी दातांच्या डॉक्टरकडं गेला होता?"

"कशाला जातीय? कधी किडला न्हाय, दुखला न्हाय."

"मग एखादा जुना फोटो दाखवा. दात दिसणारा. नाहीतर क्लेम नामंजूर होणार बघा."

झोपाळा थांबला.

"असं नका करू पावणं. विजयसिंह म्हणतोय, कंपनीनं दिलं तर पक्के दात बसवू, न्हायतर ऱ्हाऊ दे असंच. या वयात कुणाला दाखवायचेत? माझाच ल्योक, पर त्याला काय कळतंय? मला दात पायजेत."

"खायचे हाल होत असतील."

"खायाचं काय हो, भाकरी दुधात कुस्करली की झालं," असं म्हणून त्या उठल्या आणि कपाटातून अल्बम काढून आणला.

दत्तप्रसाद एकेक पान उलटत गेला. लग्न, मुलाचं बारसं, नृसिंहवाडीचा घाट, मग मुलाचंही लग्न. सगळीकडं बायडाबाई नवऱ्याच्या शेजारी ओठ घट्ट मिटून उभ्या. नवरा, म्हणजे आण्णा, भरघोस मिशांचा रुबाबदार गडी. पण दत्तप्रसादला वाईट वाटायला लागलं होतं. बाई त्याला आवडल्या होत्या. फोटोत ओठ मिटून उभ्या राहणाऱ्या माणसांच्या तोंडात बहुतेक वेळा काय नसतं, हे मात्र त्यानं या नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं.

"एकाही फोटोत हसला नाहीत?"

"बायकांनी दात दाखवल्यालं ह्यांना खपत न्हवतं," बाई म्हणाल्या. मीठ कमी पडलंय म्हणावं इतक्या सहज.

झोपाळ्याच्या मागच्या भिंतीवर आण्णांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. त्याखाली रिकामा पलंग.

"दोन वर्षं तितंच पडून हुते," बाई परत झोपाळ्यावर बसत म्हणाल्या. "सगळं मीच केलं. पहाटं गेले, तवाबी मी एकटीच. डोळं मिटलं, हनवटीला रुमाल बांधला, पायाचं अंगठं बांधलं. विजयसिंह पुण्याहून यायला दुपार झाली."

"आणि हा झोपाळा?"

"त्यांचाच की. दुसऱ्या कुणाची बसायची टाप न्हवती. आता मी बसते."

दत्तप्रसादला गलबलून आलं. वडील गेल्यावर त्याची आईही त्यांच्या खुर्चीत अशीच तासन्‌तास बसायची. कुणी उठवलं तर रडायची.

"बसलं की डोळं मिटत्यात बघा," बाई जणू स्वतःशीच बोलत होत्या. "माझं म्हायेर चंदगडचं. पंचमीला फणसाला झोका बांधायचे. त्या दिवशी तसंच झालं. वाटलं, वर छत न्हाईच, नुसती पानं हायत. पानांतनं ऊन गळतंय. आणि कवातरी हात सुटला."

कड्या कुरकुरत राहिल्या. दत्तप्रसादलाही क्षणभर पानं दिसली, ओल्या मातीचा वास आला, खालून कुणीतरी पोरी ओरडत होत्या. त्यानं दचकून डोळे उघडले, तर बाई मोबाइल घेऊन समोर उभ्या.

"एक फोटो हाय. माझा मीच काढल्याला, ह्यांच्या मोबाइलवर. पर विजयसिंहाला दाखवायचा न्हाय."

"फाईलीत राहील, मावशी. घरच्या कुणाला दिसणार नाही."

"शपथ घ्या."

"दत्त महाराजांची शपथ."

तरीही त्या जरा घुटमळल्या. मग त्यांनी मोबाइल त्याच्या हातात दिला आणि तोंड फिरवून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

फोटो याच झोपाळ्यावरचा होता, हात लांब करून काढल्यामुळं जरा वाकडा. पदर घसरलेला, केस सुटलेले, आणि बायडाबाई तोंडभर हसत होत्या, झोक्यावरच्या पोरीसारख्या. वरचे चारही दात धडधाकट होते. दत्तप्रसादच्या मनावरचं ओझं उतरलं. क्लेम खरा होता, बाईंना दात मिळणार होते. साहेबांना आणखी शंका नको म्हणून त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, दात एकेक करून पाहिले, मग फोटो कधीचा ते कळावं म्हणून तो जरा बाजूला सरकवला. खिडकीतून नुकतं फटफटल्याचा उजेड येत होता. बाईंच्या मागं पलंगावर आण्णा होते, पायाचे अंगठे जुळवून बांधलेले, हनुवटीला पांढरा रुमाल.