वीस तारीखवाल्या ताई

नाव लाल झालं होतं. वीस तारीख उलटून तीन दिवस गेले, तरी वीस तारीखवाल्या ताईंची ऑर्डर आली नव्हती. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

ऑर्डरींचं काम सांभाळणाऱ्या बाई संगणकाच्या पडद्याकडे बघत बसल्या. ज्यांना गिळता येत नाही अशा माणसांसाठी त्यांची कंपनी पावडरीचे डबे पुरवायची. पावडर पाण्यात कालवायची आणि पोटात बसवलेल्या नळीतून द्यायची. ताईंची मुलगी तान्ही असल्यापासून त्यावरच वाढली होती. महिन्याला बारा डबे.

पूर्वी सगळा कारभार वहीवर चालायचा. एकदा ताईंचं खोकं भलत्याच गावाला गेलं, तेव्हा बाई स्वतः बसने डबे घेऊन त्यांच्या घरी पोचल्या होत्या. ताईंनी आधी डबे हातात घेतले आणि मग पाणी विचारलं. पुढे कंपनीत ऑर्डरींचं सॉफ्टवेअर आलं. दर महिन्याला गोदामात बारा डबे ताईंच्या नावावर आधीच राखून ठेवले जायचे, ताईंनी मोबाइलवर बोट टेकवलं की गाडीवाल्याला पत्ता जायचा, गाडी कुठवर आली ते ताईंना घरबसल्या दिसायचं. दोन वर्षांत एक खोकं चुकलं नाही. काही चुकतच नव्हतं, म्हणून फोनही होत नव्हता. बाईंना अधूनमधून त्याची चुटपुट लागायची.

नाव लाल झालं की त्या गिऱ्हाइकाला फोन करायचा आणि आपलं काय चुकलं ते विचारायचं, असा साहेबांचा नियम होता. त्या दिवशी नऊ नावं लाल होती. बाईंनी आठ फोन केले. एकजण पासवर्ड विसरला होता. एका आजोबांनी पाव तास जावयाच्या तक्रारी सांगितल्या आणि मग ऑर्डर दिली. नववा फोन मात्र होईना. बाईंनी चहा घेतला. कीबोर्ड पुसला. टेबलावरचे कागद सारखे केले. अशा घरातून ऑर्डर येणं का थांबतं, हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं.

दुपारी गोदाम सांभाळणारे काका जिना चढून वर आले. एका हॉस्पिटलला आजच बारा डबे हवे होते आणि गोदामात मोकळा माल नव्हता. ताईंच्या नावावर राखलेले डबे सोडायचे का, असं सॉफ्टवेअर सकाळपासून विचारत होतं. काकांनी उत्तर दिलं नव्हतं.

"तुम्ही आधी त्यांना विचारा," काका म्हणाले. "त्याशिवाय मी त्या डब्यांना हात लावणार नाही."

आणि ते खुर्ची ओढून समोरच बसले.

फोन बराच वेळ वाजला. ताईंनी उचलला तेव्हा मागे भांड्यांचा आवाज येत होता. बाईंनी एका दमात कंपनीचं नाव सांगितलं आणि या महिन्याची ऑर्डर आली नाही, एवढं म्हटलं.

"अगं बाई, कळवायचंच राहून गेलं," ताई म्हणाल्या. "आता नकोत डबे."

बाईंनी काकांकडे बघून नुसती मान हलवली. काकांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसायला घेतला. फार वाईट वाटलं, असं बाई कसंबसं म्हणाल्या.

मग ताईंच्या लक्षात आलं.

"अहो, तसं नाही हो. थांबा, तिलाच देते."

फोन कुणाच्या तरी हातात गेला. आधी नुसता मचमच आवाज आला. मग एक बोबडा, घाईचा आवाज म्हणाला, "माझ्या तोंडात घास आहे. नंतर बोलते."

बाईंनी फोन काकांच्या कानाला लावला. दोघांच्या मध्ये तो फोन दहा मिनिटं फिरत राहिला. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं होतं. मग थेंबाथेंबाने गिळायला शिकवणं. डॉक्टर नळी काढतो म्हणेपर्यंत ताईंचं मन धजावत नव्हतं, म्हणून त्यांनी एक डबाही कमी केला नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी नळी निघाली. तेव्हापासून घरात सगळे तिच्या ताटाभोवतीच होते, तारखेचं भान कुणाला राहिलं नव्हतं. ती शेजाऱ्यांकडेही जेवून येते, अशी तक्रार ताईंनी केली आणि तक्रार करता करता त्या हसत सुटल्या.

काका डबे हॉस्पिटलकडे पाठवायला खाली गेले. जिन्यात ते कुणाला तरी ही बातमी सांगत होते, ती वरपर्यंत ऐकू येत होती.

बाईंनी ताईंचं खातं बंद करायला घेतलं. सॉफ्टवेअरने कारण विचारलं. किंमत जास्त. माल उशिरा मिळाला. माल खराब निघाला. दुसरीकडून घेतो. बाईंनी यादी दोनदा वरखाली केली. तळाशी एक रिकामी चौकट होती. तिच्यात त्यांनी टाइप केलं: गिऱ्हाईक जेवायला लागलं.