एकाच हाकेत

"परत हाक मारू नका," कुत्र्यांना शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं. "एकदाच. दहादा ओरडलात तर पहिल्या नऊ हाका सोडून द्यायच्या असतात, एवढंच तो शिकेल."

घड्याळजींनी उघडलेलं तोंड मिटलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ढब्बू ढिम्म उभा होता. साखळी काढलेली होती, हाक ऐकू गेली होती, पण त्याची नजर बाकावर बसलेल्या म्हातारीवर होती आणि तिला सोडून यायचा त्याचा मुळीच विचार दिसत नव्हता.

म्हातारी म्हणजे घड्याळजींची बायको. तीस वर्षं तिने शाळेत भूगोल शिकवला होता. आता तिला स्वतःच्या घराचा रस्ता सापडत नव्हता.

"काकूंना उद्यापासून घरी ठेवा," बाई म्हणाल्या. "त्या समोर असल्या की ह्याचं लक्षच नसतं."

"पण हे सगळं तिच्यासाठीच चाललंय."

"असू दे. आधी त्याला शिकू दे."

घड्याळजींचा हिशोब सरळ होता. डोळा चुकवून ती ढब्बूला घेऊन बाहेर पडायची आणि पहिल्याच वळणावर, त्याला काचते म्हणून, साखळी सोडून द्यायची. घड्याळजी मागून हाका मारत धावले की ती आणखी भराभर चालायची. अनोळखी म्हातारा पाठलाग करतोय म्हटल्यावर कुठली बाई थांबेल? दाराला कुलूप लावून पाहिलं, तर तिने हाताने काच फोडली. मात्र ढब्बू जाईल तिकडे ती जायची. स्वयंपाकघरात, गच्चीवर, अगदी न्हाणीघरातसुद्धा. म्हणजे ढब्बू हाकेसरशी आला की मागोमाग तीही येणार. आयुष्यभर चाकाला चाक जुळवत आलेल्या माणसाला यात चूक दिसली नाही.

आतापर्यंत ती दोनदा हरवली होती. दोन्ही वेळा कालव्यावर सापडली. दोन्ही वेळा कालव्याच्या दारांवर काम करणाऱ्या माणसाने ढब्बूच्या गळ्यातल्या पट्ट्यावरचा नंबर वाचून फोन केला.

"कुत्रं आहे म्हणून निभावतंय हं, काका," तो दुसऱ्यांदा म्हणाला होता. पट्ट्यावरचा नंबर घड्याळजींनी स्वतः कोरलेला होता, तेव्हा त्यांना ते आपलंच कौतुक वाटलं. त्या माणसाला आणखी काही सांगायचं होतं, पण घड्याळजींना तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिचा हात धरून ते घाईघाईने निघाले.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, आता आणखी एकदा असं झालं ना, तर मी आईला वृद्धाश्रमात ठेवणार. मग तुमचं काही ऐकायची नाही."

"नाही होणार."

"कशावरून?"

"कुत्र्याला शिकवतोय."

मग मुलीने हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही जेवलात का?"

दुसऱ्या दिवसापासून शेजारीण तासभर बायकोपाशी बसू लागली आणि घड्याळजी ढब्बूला घेऊन एकटेच मैदानावर जाऊ लागले. खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे. घरातला एकही सदरा वासातून सुटला नाही. आधी दहा पावलांवरून हाक, मग पन्नास, मग झाडांच्या आडून. मग चेंडू टाकून. मग दुसरी कुत्री सोडून.

"अजून कच्चा आहे," बाई म्हणायच्या. "तोंडात हाड असलं तरी ते टाकून आला पाहिजे. त्याशिवाय खरं नाही."

घरी मात्र सगळं उलट चाललं होतं. जेवता जेवता एकदा तिने विचारलं, "इथे घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. चांगले होते हो. ते कुठे गेले?"

"येतील," घड्याळजी म्हणाले. मग नळ सोडून भांडी घासता घासता ते रडले. ती आपल्याला परत ओळखेल ही आशा त्यांनी कधीच सोडली होती. ती रोज समोर दिसावी, एवढंच त्यांना हवं होतं.

सातव्या आठवड्यात ढब्बूने मांस लागलेलं हाड तोंडातून टाकलं आणि एका हाकेत धावत आला. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच गुरुवारी, दुपारी, भिंगातून एक बारीक स्क्रू शोधून घड्याळजींनी मान वर केली तर दार सताड उघडं होतं.

ते धावले नाहीत. आधीच्या दोन वेळी ते किंचाळत सुटले होते, या वेळी भराभर चालत राहिले. कालव्याच्या वळणावर पोचले. पुढे उंच झुडपं होती, त्यामुळे काठ दिसत नव्हता. त्यांनी खिशात कलेजी चाचपली, श्वास घेतला आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणे, न रागावता, एकदाच हाक मारली.

"ढब्बू, ये!"

क्षणभर काहीच नाही. मग झुडपांत खसफस झाली आणि कान मागे टाकून ढब्बू बाणासारखा सुटून आला. समोर येऊन बसला. घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्याला तुकडा दिला, डोकं कुरवाळलं, "शहाणा रे माझा," म्हणाले आणि ती येईल म्हणून झुडपांकडे पाहत राहिले.

झुडपांतून कालव्यावरचा माणूस आला. कमरेपर्यंत भिजलेला, धापा टाकत.

"काका, हाक तुम्ही मारलीत?" तो म्हणाला. "दर वेळेसारखा त्याने काठावर काकूंचा पदर दातांत घट्ट धरून ठेवला होता. मी पोचतच होतो. तेवढ्यात त्याने सोडला."